‘डिक्सी’ कोणाची?

18 फेब्रुवारी 1861. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात जेफरसन डेव्हिस अध्यक्षपदाची शपथ घेणार होते. अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघालेल्या गुलामधारक राज्यांनी ‘कॉन्फेडरेट’ नावाने नवे राष्ट्र जाहीर केले होते आणि डेव्हिस हे त्याचे अध्यक्ष. या सोहळ्यासाठी हर्मन अर्नोल्ड या जर्मन वंशाच्या बँडप्रमुखाने त्या काळी घरोघरी पोचलेल्या एका गाण्याची चाल जलद संचलनाच्या ठेक्यात बसवली. गाण्याचे नाव ‘डिक्सी’. त्याला राष्ट्रगीताचा दर्जा देणारा कायदा कधी झाला नाही. लोकांनीच ते उचलले आणि पुढची चार वर्षे दक्षिणेचे सैनिक याच चालीवर लढाईला गेले.

पण हे गाणे दक्षिणेत जन्मले नव्हते. जेमतेम दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची सोंगे आणणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळात ते पहिल्यांदा गायले गेले. ते रचल्याचा मान मिळाला डॅनिएल डिकेटर एमेट या उत्तरेकडच्या, ओहायो राज्यातल्या माणसाला. तो मान त्याला सुखाने उपभोगता आला नाही. त्याच्या हयातीतच गाण्यावर हक्क सांगणारे पुढे येऊ लागले आणि 1908 पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरच्या चार वर्षांत, अशा दावेदारांची संख्या 37 झाली होती. यातले बहुतेक दावे आज कोणाच्या खिजगणतीतही नाहीत. एक मात्र टिकला. तो कोणा प्रकाशकाचा किंवा नटाचा नाही, तर एमेटच्याच गावाजवळ राहणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाचा आहे. गाणी जन्मतात कुठे, त्यांचे पैसे कोणाला मिळतात आणि इतिहासात नाव कोणाचे राहते, हे तिन्ही प्रश्न या एका दाव्यात एकत्र आले आहेत.

काजळीचा रंगमंच

ज्या खेळात ‘डिक्सी’ गायली गेली त्याला ‘मिन्स्ट्रेल शो’ म्हणत. 1830च्या सुमारास थॉमस राइस या गोऱ्या नटाने ‘जिम क्रो’ नावाचे पात्र रंगमंचावर आणले. फाटके कपडे, जाळलेल्या बुचाच्या काजळीने काळे केलेले तोंड, वेडेवाकडे अंगविक्षेप आणि मोडकी बोली. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. पुढे दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणारे कायदे झाले, तेव्हा त्यांना याच पात्राचे नाव पडले.

राइस एकटा नाचत असे. संपूर्ण संध्याकाळ व्यापणारा खेळ उभा राहिला तो 1843च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कच्या बॉवरी भागात. ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या नावाने चार गोरे कलावंत एकत्र आले. बिली व्हिटलॉक बँजोवर, फ्रँक ब्रोअर हाडांच्या चिपळ्यांवर, डिक पेलम खंजिरीवर आणि फिडलवर डॅन एमेट. हा संच काही महिन्यांतच, इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, फुटला. पण त्याने घालून दिलेला साचा पुढे अर्धशतकाहून जास्त चालला. अर्धवर्तुळात बसलेले कलावंत, मध्यभागी सूत्रधार, दोन टोकांना खंजिरीवाला आणि चिपळ्यावाला हे दोन विनोदवीर, मग फुटकळ नकलांचा भाग आणि शेवटी सगळ्या मंडळींनी मिळून नाचत गायचे समूहगीत. या शेवटच्या प्रकाराला ‘वॉकअराउंड’ म्हणत. ‘डिक्सी’ हे असेच एक वॉकअराउंड होते.

या खेळाचा मुख्य प्रेक्षक उत्तरेकडच्या शहरांतला गोरा कामगार आणि मध्यमवर्गीय होता. गुलामांचा मळा त्याने कधी पाहिलेला नसे. मळ्यावरचे जीवन सुखाचे आहे, गुलाम हसतमुख आहेत, मालकावर त्यांचे प्रेम आहे, हे चित्र त्याला रंगमंचावरून मिळाले. ज्या काळात हजारो माणसे जिवावर उदार होऊन गुलामीतून पळत होती, त्याच काळात रंगमंचावरचा काजळी फासलेला गुलाम मळ्यावर परत जायला आसुसलेला दाखवला जात होता. ‘डिक्सी’चा आशयही हाच आहे. दक्षिणेपासून दुरावलेला एक काळा माणूस आपल्या जन्मभूमीची आठवण काढतो, मालकिणीने एका ठकाशी केलेल्या लग्नाची गंमत सांगतो आणि तिकडेच जगावे-मरावे असे म्हणतो.

हे सोंग होते, पण त्यातले संगीत सगळे बनावट नव्हते. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी भोपळा आणि कातडे वापरून नव्या भूमीत घडवले. व्हर्जिनियाच्या अपोमॅटॉक्स भागातल्या जोएल स्वीनीने ते काळ्या वादकांकडून उचलले आणि गोऱ्यांच्या रंगमंचावर आणले. व्हिटलॉक त्याच्याकडून शिकला. मिन्स्ट्रेल कलावंत गावोगाव फिरत, जे कानावर पडेल ते टिपून घेत, त्याला आयरिश-स्कॉटिश चालींची जोड देत आणि वर आपले नाव लावत. एमेटने स्वतःच एकदा सांगितले होते की खेळ करणाऱ्या मंडळींना त्या त्या प्रदेशातली गाणी ऐकायची संधी मिळतेच आणि आपल्या धंद्याला उपयोगी पडेल असे गाणे, अशी म्हण ते सतत शोधत असतात.

नावाच्या बाबतीत हा धंदा किती सैल होता, याचे एक ठळक उदाहरण आहे. स्टीफन फॉस्टरचे ‘ओल्ड फोक्स अ‍ॅट होम’ हे अतिशय गाजलेले गाणे 1851 मध्ये छापले गेले, तेव्हा कर्ता म्हणून त्यावर मिन्स्ट्रेल संचाचा मालक एडविन क्रिस्टी याचे नाव होते. फॉस्टरने पैसे घेऊन तसे करू दिले होते. पुढच्याच वर्षी त्याने पत्र लिहून आपले नाव परत मागितले, पण जिवंतपणी ते त्याला मिळाले नाही. जिथे शिकलेल्या, छापखान्यापर्यंत पोचलेल्या गोऱ्या रचनाकाराची ही गत होती, तिथे ज्याच्या अंगणात गाणे ऐकले त्या काळ्या वादकाची नोंद कोण ठेवणार?

एका रविवारची गोष्ट

डॅन एमेटचा जन्म 29 ऑक्टोबर 1815 रोजी ओहायोतील माउंट व्हर्नन या गावी झाला. वडील लोहार. मुलाने छापखान्यात उमेदवारी केली, 1834 मध्ये वय लपवून तो सैन्यात भरती झाला, तिथे बासरी आणि ढोल शिकला. वर्षभराने खरे वय उघड झाल्यावर त्याला घरी पाठवण्यात आले. मग सर्कशी, बँजो, फिडल, ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ आणि 1858 पासून न्यूयॉर्कच्या ‘ब्रायंट्स मिन्स्ट्रेल्स’ या नामांकित संचात नोकरी. ब्रॉडवेवरच्या मेकॅनिक्स हॉलमध्ये या संचाचे खेळ होत. त्यात वाजवायचे, गायचे आणि गरजेप्रमाणे नवी गाणी पुरवायची हे एमेटचे काम.

‘डिक्सी’च्या जन्माची त्याने सांगितलेली कथा अशी. एका शनिवारी रात्री मालकाने नवे, दणकेबाज वॉकअराउंड मागितले. रविवारी बाहेर पाऊस आणि गारठा होता. सर्कशीतले लोक हिवाळ्यात दक्षिणेच्या उबेची आठवण काढत जो ‘डिक्सी’चा वाक्प्रचार वापरत, तो त्याला आठवला आणि त्यावरून गाणे झाले. 4 एप्रिल 1859 रोजी ते रंगमंचावर आले. लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावले आणि थोड्याच काळात ते ब्रायंट यांच्या खेळाचे मुख्य आकर्षण बनले.

कथा छान आहे, पण एमेटने ती प्रत्येक वेळी सारखी सांगितली नाही. कधी गाणे काही मिनिटांत झाले, कधी एका रात्रीत, कधी काही दिवसांत. एकदा त्याने सांगितले की सुरुवातीचा भाग लहानपणी ऐकलेल्या एका गाण्यावर बेतला आहे. एकदा जुन्या सर्कशीतल्या गाण्याचा उल्लेख केला. ‘डिक्सीज लँड’ हे शब्द तर ‘डिक्सी’च्या थोडेच आधी त्याने रचलेल्या ‘जॉनी रोच’ या गाण्यातही आहेत. एमेटच्या मागे राहिलेल्या वह्या पाहिल्या तर तो कष्टाने जमवणारा, उतरवून घेणारा, जुळवणारा माणूस दिसतो. आयुष्यभर शेकडो तुकडे टिपून त्यांतून गाणी बांधणाऱ्या या माणसाने ‘डिक्सी’ मात्र एका झटक्यात सुचली असे सांगितले. म्हातारपणी त्याने या गाण्याच्या स्वहस्ते प्रती करून चाहत्यांना दिल्या आणि त्यांतल्या काही मूळ हस्तलिखित म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यामुळे कागदाचा पुरावाही निर्विवाद राहिला नाही.

छापखान्यांची चढाओढ

एमेटची मोठी चूक व्यवहारातली होती. गाणे रंगमंचावर आल्यावर वर्षभराहून अधिक काळ त्याने ते नोंदवलेच नाही. तोवर इतर मिन्स्ट्रेल संच ते गाऊ लागले, वर्तमानपत्रांत आणि सुट्या पत्रकांवर त्याच्या आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येकाने सोयीचे नाव घातले. काही ठिकाणी तर कर्ता म्हणून चक्क काल्पनिक नावे छापली गेली. न्यूयॉर्कच्या फर्थ, पाँड अँड कंपनीने एमेटच्या नावाची अधिकृत प्रत 21 जून 1860 रोजी नोंदवली. त्यानंतर पाचच दिवसांनी सिनसिनाटीच्या एका प्रकाशकाने आपली पियानोसाठीची आवृत्ती नोंदवली. न्यू ऑर्लिन्सच्या पी. पी. वर्लाइन या प्रकाशकाने तर शब्द आणि संगीत अशा दोन्हींसाठी वेगळेच कर्ते उभे केले. प्रकाशकांमधल्या या तंट्यात अखेर एमेटची बाजू सरस ठरली.

पण त्याचा फायदा त्याला फारसा झाला नाही. 11 फेब्रुवारी 1861 रोजी एमेटने गाण्याचे सर्व हक्क फर्थ, पाँड अँड कंपनीला 300 डॉलरना विकून टाकले. बरोबर सात दिवसांनी माँटगोमेरीत डेव्हिस यांचा शपथविधी झाला आणि विकून टाकलेले ते गाणे एका नव्या राष्ट्राचे गाणे बनले.

एप्रिलमध्ये फोर्ट समटरवर तोफा सुटल्या आणि यादवी युद्ध पेटले. मूळ शब्दांत लढाईचे काहीच नव्हते, म्हणून अल्बर्ट पाइक यांनी दक्षिणेसाठी वीरश्रीचे नवे शब्द लिहिले. उत्तरेनेही चाल सोडली नाही. अंध कवयित्री फॅनी क्रॉस्बी यांनी त्याच चालीवर संघराज्याच्या बाजूचे गीत रचले. एमेट स्वतः संघराज्याच्या बाजूचा होता. आपले गाणे फुटीर राज्यांनी उचलल्याचा त्याला राग आला होता, असे त्याचे सहकारी सांगत. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, 1862 मध्ये, त्याने जॉर्ज ब्रूस यांच्यासह लष्करी ढोल आणि बासरी वादकांसाठी शिक्षणपुस्तक काढले.

सहा लाखांहून जास्त माणसे मारून ते युद्ध संपले. 9 एप्रिल 1865 रोजी अपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउससमोर जमलेल्या आनंदी जमावाने संघराज्याचे अध्यक्ष लिंकन यांच्याकडे भाषणाचा आग्रह धरला. भाषण नंतर करीन, असे म्हणून त्यांनी बँडला ‘डिक्सी’ वाजवायला सांगितले. ही चाल आपल्याला फार आवडते, शत्रूने ती बळकावण्याचा प्रयत्न केला होता, पण काल आपण ती रीतसर जिंकून घेतली आहे आणि महान्यायवादींनीही तसाच अभिप्राय दिला आहे, असे ते म्हणाले. त्यांच्या मनात समेट होता. चार दिवसांनी त्यांच्यावर गोळी झाडली गेली. गाण्याबद्दलचा लिंकन यांचा निकाल लोकांनी मानला नाही. ‘डिक्सी’ हरलेल्या दक्षिणेच्या आठवणींशीच जोडलेली राहिली.

एमेटचे पुढचे आयुष्य ओढगस्तीत गेले. 1888 मध्ये तो माउंट व्हर्ननला परतला. नटांच्या मदतनिधीतून मिळणाऱ्या आठवड्याच्या थोड्या डॉलरवर त्याचा निर्वाह चाले. 1895 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, अल फील्ड यांच्या मिन्स्ट्रेल संचाने त्याला दौऱ्यावर नेले. दक्षिणेतल्या गावागावांत हा म्हातारा उभा राहिला की लोक बेभान होत. याच काळात केंटकीच्या लुइव्हिल शहरातले गीतकार विल्यम शेक्सपिअर हेज यांनी गाणे आपले असल्याचे सांगितले आणि दक्षिणेतल्या एका इतिहाससंस्थेमार्फत ते सिद्ध करण्याची खटपट केली. पण निर्णायक पुरावा पुढे येण्याआधीच ते वारले. एमेट 28 जून 1904 रोजी गेला. त्याच्या कबरीवरच्या दगडात, दक्षिणेच्या लोकांना धैर्य देणाऱ्या आणि आता पुन्हा एक झालेल्या राष्ट्राला रोमांचित करणाऱ्या गाण्याचा कर्ता म्हणून त्याचा गौरव कोरला आहे.

क्लिंटनचे स्नोडेन

त्याच माउंट व्हर्ननजवळच्या क्लिंटन येथे आणखी एक कबर आहे. ती बेन आणि ल्यू स्नोडेन या भावांची. 1976 साली माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक कृष्णवर्णीय शाखेने तिच्यावर दगड बसवला. या दोघांनी डॅन एमेटला ‘डिक्सी’ शिकवली, असे त्यावर लिहिले आहे.

या भावांची आई एलन कूपर. 1817 च्या सुमारास मेरीलँड राज्यातल्या नँजेमॉय भागात गुलामीत जन्मलेली. 1827 मध्ये, दहा वर्षांची असताना, तिला एका गोऱ्या कुटुंबाने ओहायोत आणले. मुलीचे गोत मागे राहिले. 1834 मध्ये तिने थॉमस स्नोडेन या मेरीलँडमध्येच गुलामीत जन्मलेल्या माणसाशी लग्न केले. त्यांनी क्लिंटनमध्ये शेती केली, मुलांना लिहायला-वाचायला शिकवले आणि वाजवायलाही. 1856 मध्ये थॉमस वारले. एलन आणि मुलांचा ‘स्नोडेन फॅमिली बँड’ ओहायोच्या खेड्यापाड्यांत कार्यक्रम करू लागला. फिडल, बँजो, खंजिरी, गायन. मुलीही फिडल वाजवत, आणि त्या काळात ही नवलाची गोष्ट होती. ऐकणारे बहुतेक गोरे शेतकरी असत. लोक त्यांना पत्रे लिहून गाण्यांचे शब्द मागत. पुढे सगळे पांगल्यावर बेन आणि ल्यू हे दोघे भाऊ त्याच घरात म्हातारे झाले. घराच्या वरच्या मजल्यावरच्या दर्शनी भागात बसून ते फिडल आणि बँजो वाजवत आणि गावातले लोक खाली उभे राहून ऐकत. बेन 1920 मध्ये आणि ल्यू 1923 मध्ये गेले. दोघांना मूलबाळ नव्हते.

एमेटने ‘डिक्सी’ स्नोडेन यांच्याकडून घेतली, ही गोष्ट माउंट व्हर्ननच्या काळ्या वस्तीत पिढ्यानपिढ्या सांगितली जात होती. बाहेरच्या जगाला ती नीट कळली ती 1993 मध्ये. जवळच्याच केनियन कॉलेजमधले समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड सॅक्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडिथ यांनी कुटुंबाची कागदपत्रे, पत्रे, जनगणनेच्या नोंदी आणि गावातल्या वृद्धांच्या आठवणी धुंडाळून ‘वे अप नॉर्थ इन डिक्सी’ हे पुस्तक लिहिले. एमेटच्या आजोबांची जमीन स्नोडेन यांच्या जागेला लागून होती, त्याचे वडील त्या पंचक्रोशीतल्या मोजक्या लोहारांपैकी एक होते आणि एमेट गावी येई तेव्हा या दोन संगीतप्रिय घरांची गाठ पडणे अगदी स्वाभाविक होते, असे त्यांनी दाखवले. आईबापांपासून तुटून उत्तरेत आलेल्या मुलीला जन्मभूमीची ओढ वाटणे यात खोटे काहीच नाही. गाण्यातली ओढ मुळात एलनची असू शकते, असेही त्यांनी सुचवले.

या मांडणीवर आक्षेप आले आणि ते वजनदार आहेत. 1859 साली ल्यू लहान मुलगा होता आणि बेन नुकताच मोठा होत होता. तेव्हा या दोघांनी मुरलेल्या, त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाला गाणे शिकवले असेल हे पटणे अवघड आहे. आईबापांनी शिकवले म्हणावे, तर तरुणपणापासून एमेटचे आयुष्य गावाबाहेर गेले. त्यांच्या घरात ‘डिक्सी’ 1859 च्या आधी गायली जात होती, असे सांगणारा त्या काळचा एकही कागद नाही. स्वतः ल्यू स्नोडेनच्या संग्रहात ‘डिक्सी’चा कर्ता म्हणून एमेटचा उल्लेख असलेले छायाचित्र आणि कात्रणे होती. शिवाय या गाण्याची घडण, त्यातली बोली, विनोदाची जात हे सारे एमेटच्या इतर वॉकअराउंडशी जुळते. संगीताचे अभ्यासक हान्स नेथन यांनी 1962 मध्ये एमेटवर लिहिलेल्या ग्रंथात त्याची रचनापद्धती बारकाईने उलगडली आहे. ती पाहिल्यावर ‘डिक्सी’ त्याच्या हातची नाही असे म्हणणे कठीण जाते.

साक्ष कोणाची धरायची

तरीही हा खटला ‘पुरावा नाही, दावा फेटाळला’ असे म्हणून बंद करता येत नाही, कारण पुरावा कोणाकडे असू शकत होता हे आधी विचारले पाहिजे. ओहायोत गुलामी नव्हती, पण ‘काळे कायदे’ होते. 1804 च्या कायद्याने तिथे राहणाऱ्या काळ्या माणसाला स्वतंत्र असल्याचा न्यायालयाचा दाखला बाळगणे भाग पडले. 1807 च्या कायद्याने नव्याने येणाऱ्यावर 500 डॉलरच्या जामिनाची अट घातली आणि गोरा पक्षकार असलेल्या खटल्यात काळ्याची साक्ष घेण्यास बंदी केली. साक्षीची बंदी 1849 मध्ये उठली. म्हणजे एलन आणि थॉमस यांचा संसार उभा राहिला त्या पंधरा वर्षांत, एखाद्या गोऱ्याने त्यांचे काही नेले, तर त्याविरुद्ध न्यायालयात तोंड उघडण्याचा हक्कही त्यांना नव्हता. जिथे घरदार, गुरेढोरे यांबद्दल बोलता येत नव्हते, तिथे गाण्याची चाल आमची, हे कुठे आणि कोणापुढे नोंदवायचे होते?

1873 मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. त्या पुस्तकाचा गाभा असा की लेखणी ज्यांच्या हातात होती त्यांनी लिहिलेला इतिहास, ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या बाजूने पुन्हा वाचून पाहिला पाहिजे. ‘डिक्सी’च्या वादाला हीच दृष्टी लावावी लागते. हक्कनोंदणीचा कागद एवढेच सांगतो की 1860 साली गाण्याची मालकी कोणाकडे होती. ते कोणाच्या हाताने, कोणाच्या कानाने, कोणाच्या आठवणींतून घडले, हे तो सांगत नाही. तोंडी परंपरा चुकू शकते. पण ती चुकीची ठरवण्यासाठी ज्या कागदांचा आधार घेतला जातो, त्या कागदांपर्यंत एका बाजूला पोचूच दिलेले नव्हते, हे विसरून निकाल देणे न्यायाचे नाही.

विसाव्या शतकात ‘डिक्सी’ने पूर्वीची जखम ताजी ठेवली. वांशिक समतेच्या लढ्याच्या काळात समतेचे विरोधक तिचे सूर आळवत. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांनी न्यायाधीशांच्या एका संमेलनात सर्वांसोबत हे गाणे म्हटले, तेव्हा कृष्णवर्णीय वकिलांनी जाहीर निषेध केला. मिसिसिपी विद्यापीठाच्या बँडने 2016 मध्ये फुटबॉल सामन्यांच्या वेळी ते वाजवणे थांबवले. हे थांबले ते योग्यच झाले. ज्यांच्या पूर्वजांची विटंबना करण्यासाठी गाणे वापरले गेले, त्यांनी ते टाळ्या वाजवत ऐकावे ही अपेक्षाच क्रूर आहे.

मग ‘डिक्सी’ कोणाची? मला दिसणारे उत्तर असे. 4 एप्रिल 1859 रोजी मेकॅनिक्स हॉलमध्ये जे वॉकअराउंड झाले, ते त्या रूपात डॅन एमेटने जुळवले. याविरुद्ध सबळ पुरावा नाही. बेन आणि ल्यू यांनी ते त्याला शिकवले हे सिद्ध होत नाही. पण ज्या वाद्यांवर, ज्या ठेक्यांवर आणि ज्या दुःखाच्या नकलेवर एमेटचा सगळा धंदा उभा होता, ते त्याने काळ्या लोकांकडून घेतले होते आणि त्याची नोंद कधी केली नाही. ते ऋण खरे आहे. स्नोडेन कुटुंबाचा दावा त्या ऋणाला नाव, घर आणि गाव देतो.

आणखी एक अन्याय दुरुस्त व्हायला हवा. स्नोडेन यांची आठवण काढायची तर ‘डिक्सी’शी नाते जोडल्याशिवाय काढताच येत नाही, असे होऊन बसले आहे. वास्तविक गुलामीत जन्मलेल्या एका बाईने मुलांना शिकवून, वाद्ये हाती देऊन, प्रतिकूल कायद्यांच्या राज्यात अर्धशतक टिकणारी संगीताची परंपरा उभी केली. तोंडाला काजळी न फासता, आपल्या खऱ्या चेहऱ्याने हे कुटुंब गोऱ्या श्रोत्यांपुढे उभे राहिले आणि दाद घेऊन गेले. अमेरिकन लोकसंगीताच्या इतिहासात त्यांचे नाव या कर्तृत्वावर यायला हवे. ‘डिक्सी’ त्यांची असो वा नसो.

आपणही जेव्हा एखादे जुने गाणे ‘पारंपरिक’ म्हणून छापतो, किंवा ज्याने ते शहराच्या रंगमंचावर आणले त्याचेच नाव लावून मोकळे होतो, तेव्हा थोडे थांबावे. ते गाणे आधी कोणाच्या घरी वाजत होते, हे विचारावे आणि जे उत्तर मिळेल ते नावासह लिहून ठेवावे.